सकपाळ बाईंचे चिंचोके

टक्.

हा आवाज झाला की आमच्या शाळेतला कुठलाही शिक्षक वाक्य अर्ध्यावर तोडायचा. मुलांना त्याचं काही नसायचं, ती आपली मजेत असायची. वर्गाच्या अगदी मागे, बालवाडीतल्या बुटक्या स्टुलावर, गुडघे हनुवटीला लागतील अशा अवस्थेत आमच्या मुख्याध्यापिका सकपाळ बाई बसलेल्या असत. डाव्या मुठीत चिंचोके आणि मांडीवर स्टीलचा डबा. शिक्षकाने गरज नसताना मुलाला मदत केली की एक चिंचोका डब्यात पडे. तास संपला की बाई एक अक्षर न बोलता डबा घेऊन निघून जात. मधल्या सुट्टीत शाळेच्या मावशी एक चिठ्ठी आणून देत. चिठ्ठीत फक्त आकडा असे.

माझ्या पहिल्या चिठ्ठीत सत्तावीस होते, आणि तास होता पस्तीस मिनिटांचा.

आमची शाळा महाडमधली, ज्या मुलांना उमजायला इतरांपेक्षा जास्त वेळ लागतो त्यांची. मी पोलादपूरचा मोरे. साध्या शाळेत जागा मिळेना म्हणून इथे चिकटलो, हे आधीच कबूल करून टाकतो. त्यातून मी जन्माचा बोलघेवडा. समोरचं मूल गप्प बसलं की मला कसंनुसंच व्हायचं. पाहुणे मुलाला नाव विचारायचे आणि मीच सांगून मोकळा व्हायचो. जेवलास का, असं मुलाला विचारून 'हो, जेवला की' हे उत्तरही मीच द्यायचो. बाईंचं यावर एक ठरलेलं वाक्य होतं, "घास मुलाचा, चावताय तुम्ही."

बाई साठीच्या घरात आलेल्या, सडपातळ आणि काटक. सुती साडी आणि पायात पांढरे कापडी बूट, असा त्यांचा बारमाही वेश होता. शिक्षकांना त्यांनी एकच मंत्र दिला होता. प्रश्न विचारा आणि मनात दहा मोजा. सावकाश. सात-आठपर्यंत तर मूल नुसतं तुमच्या तोंडाकडे बघतं, खरं काम नवव्या-दहाव्याला होतं, असं त्या सांगत. मी चारपर्यंत पोचलो की माझ्या तोंडातून उत्तर सांडायचं आणि मागून टक् व्हायचं.

हे वेड शाळेपुरतं असतं तर गोष्ट वेगळी. एकदा बिरवाडीला आमच्या शिपायाच्या पुतणीच्या लग्नाला आम्ही गेलो होतो. नवरीला उखाणा घ्यायला सांगितलं. ती लाजली, तशा चार मावश्या आणि दोन आत्या तिच्या कानात आपापले उखाणे ओतायला लागल्या. बाई उठल्या आणि म्हणाल्या, "थांबा. ती घेईल." अख्खा मांडव गप्प झाला. वाजंत्रीवालाही गप्प. नवरीला घाम फुटला, नवरदेव हार चाचपत बसला, आणि मी लाजेने जिलबीत तोंड घातलं. बऱ्याच वेळाने त्या मुलीने स्वतःचा उखाणा घेतला. यमक जुळलं नाही. पण नवरदेव असा काही हसला की सासरची मंडळीसुद्धा खूश झाली. बाई पुन्हा खाली बसल्या आणि शांतपणे मठ्ठा मागितला.

माझ्या वर्गात सरिता होती. वय सोळा, राहणार जवळच्या सव गावची. तिला सगळं समजायचं, पण परक्या माणसासमोर तिच्या तोंडाला कुलूप लागायचं. आणि तिच्या बाजूने बोलायला मी होतोच. तिचे वडील औद्योगिक वसाहतीतल्या एका कंपनीत कामाला होते. कामावर जाताना ते तिला मोटारसायकलवरून शाळेत सोडत. एका श्रावणात ते दारात येऊन उभे राहिले.

"सर, कंपनीनं शिफ्ट बदलली माझी. सकालचा मी घरीच नसनार आता. हिच्या आईला शेत हाय, म्हातारी हाय. पोरीला आनायला कोन नाय. ऱ्हाऊ दे, बसवतो घरी."

मी लगेच तोंड उघडलं. 'मी नेईन, मी आणीन' असंच काहीतरी म्हणणार होतो. मागे स्टुलावर बसलेल्या बाईंनी नुसतं माझ्याकडे बघितलं, तसं मी तोंड मिटलं.

"दिवाळीपर्यंत द्या मला," बाई वडलांना म्हणाल्या. "तोवर कुणाशी शिफ्ट बदलून घ्या. दिवाळीनंतर ती एसटीने एकटी येईल. नाही आली तर बसवा घरी, मी अडवायला येणार नाही."

वडील गेले. मी म्हटलं, "बाई, कंडक्टरला 'महाड' सांगायला तिच्या तोंडून शब्द फुटत नाही. ती एकटी कशी येणार?"

"तिला शिकवायला वेळ लागणार नाही," बाई म्हणाल्या. "वेळ तुम्हाला लागणार आहे."

दुसऱ्या दिवसापासून माझं शिक्षण सुरू झालं. बाईंनी पाण्याचा तांब्या आणला आणि मला म्हणाल्या, "तोंडात एक घोट धरायचा. गिळायचा नाही, थुंकायचा नाही. तास असाच घ्यायचा." मी हसलो. त्या हसल्या नाहीत. मग मी गाल फुगवून, हातवारे करत शिकवू लागलो. पहिले दोन दिवस मुलांना वाटलं, सरांचा दात दुखतोय. तिसऱ्या दिवशी त्यांच्या लक्षात आलं की सर काही उत्तर देणार नाहीत, आपल्यालाच काहीतरी करायला हवं.

आणि नेमके त्याच आठवड्यात तपासणीला एक साहेब आले, थेट वर्गात. माझ्याकडे बघून म्हणाले, "आपलं नाव?"

माझ्या तोंडात पाणी. बाई साहेबांच्या मागे उभ्या होत्या. गिळून टाकावं तर बाईंची नजर माझ्या गळ्यावर. मी गाल फुगवून नमस्कार केला. साहेब थांबले. मी थांबलो. सगळा वर्ग थांबला. मग पहिल्या बाकावरून सरिता उठली आणि साहेबांकडे बघून एकेक शब्द सावकाश काढत म्हणाली, "त्यांचं नाव मोरे सर. त्यांना बोलता येत नाय."

परक्या माणसाशी ती पहिल्यांदाच बोलली होती. पाणी माझ्या नाकातून आलं. साहेब जाताना बाईंना म्हणाले की, अशा शिक्षकालाही तुम्ही सामावून घेतलंत, हे फार मोठं काम आहे. बाईंनी 'आभारी आहे' म्हटलं. माझ्याबद्दलचा तो गैरसमज त्यांनी आजतागायत दूर केलेला नाही.

त्यानंतर व्हरांड्यात खुर्च्या मांडून आम्ही एसटी केली. शिपाई कंडक्टर झाला आणि त्याला पोरांवर खेकसायची हौस भागवून घेता आली. महिनाभराने खरी बस आली. मी सरिताबरोबर सवहून महाडला यायचो. आधी शेजारी बसून, मग एक बाक मागे, मग पार शेवटच्या बाकावर. दिवाळीची सुट्टी संपली आणि बाईंनी फर्मान काढलं, "सोमवारपासून तुम्ही बसमध्ये नाही. दिसलात तर लेखी मेमो देईन. सरकारी कागदावर."

सोमवारी सरिता वेळेवर आली. मंगळवारी आली, बुधवारीही आली. शाळेच्या फाटकाशी मी तोंड पुसत उभा असायचो आणि ती माझ्याकडे न बघता आत जायची. मला झोप लागेना. कुणी तिला भलत्याच थांब्यावर उतरवलं तर? कंडक्टर नवीन असला आणि खेकसला तर? पोरगी एकदा का घाबरली तर पुन्हा घराबाहेर पडायची नाही आणि तिचा बाप तिला बसवायचा घरी.

गुरुवारी मी मोटारसायकल सवला एका ओळखीच्याच्या अंगणात लावली आणि बस आली तशी सरिताच्या मागून चढलो. हेल्मेट घालूनच. ती दुसऱ्या बाकावर बसली. मी तिच्या मागे. सगळी बस माझ्याकडे बघायला लागली.

कंडक्टर आला. खरंच नवीन होता. "काय हो, डायवरवर इस्वास नाय काय? काढा ते डोक्यावरचं."

मी मान हलवून पैसे पुढे केले. मान हलवताना माझी नजर शेवटच्या बाकावर गेली. तिथे एक बाई बसली होती. डोक्याला आणि तोंडाला घट्ट स्कार्फ, डोळ्यांवर काळा गॉगल, अंगात पुरुषी रेनकोट. आकाशात ढगाचा तुकडा नव्हता. खाली पायात पांढरे कापडी बूट.

मेमो देणारीच मागे बसली होती. नंतर कळलं, सोमवारपासून रोज बसत होती. पहाटे उठायचं, अंधारातल्या बसने सवच्या पुढच्या गावात जायचं आणि तिथून हीच बस पकडून परत यायचं, असा चार दिवसांचा उद्योग होता. मला हसू आवरेना आणि हेल्मेटची काच वाफेने धूसर झाली.

कंडक्टर सरिताकडे वळला. तिने आपलं सवलतीचं कार्ड पुढे केलं आणि म्हणाली, "महाड."

"एकटीच काय गो?" तो कार्ड उलटंसुलटं करत म्हणाला. "संगती कोन नाय? या कार्डावर साथीदाराला पन सवलत हाय. तुला एकटीला सोडली कोनी?"

व्हरांड्यातल्या एसटीत हा प्रश्न आम्ही घेतलाच नव्हता. सरिता गप्प झाली. मी पुढच्या बाकाची दांडी गच्च धरली. मागे बाईंनीही धरली असणार. कंडक्टरचा हात बेलच्या दोरीकडे गेला. आता हा हिला इथेच उतरवतो, असं मला वाटलं.

सरिता वळली. माझ्या हेल्मेटवरून तिची नजर सरळ शेवटच्या बाकावर गेली.

"हाय ना साथीदार. त्या मागं बसल्यात. आमच्या बाई." मग ती थोडं थांबली आणि कंडक्टरला नीट समजावं म्हणून हळू आवाजात म्हणाली, "त्यांना एकटीला यायला भ्या वाटतं. मी आनते त्यांना रोज."

कंडक्टरने सवलतीचं तिकीट फाडून सरिताच्या हातात दिलं. शेवटच्या बाकावरच्या बाईंनी गॉगल काढला, स्कार्फ सोडला आणि हलत्या बसमध्ये दांड्या धरत धरत पुढे येऊन त्या सरिताच्या शेजारी बसल्या. सरिता खिडकीकडे सरकली आणि तिने त्यांना जागा करून दिली.

स्टँडवर सरिता आधी उतरली आणि तिने हात वर केला. "सावकास बाई. पायरी उंच हाय." आपली पिशवीसुद्धा कधी कुणाला उचलू न देणाऱ्या बाईंनी तिचा हात धरला आणि उतरल्या. मी मागोमाग उतरून हेल्मेट काढलं. बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मेमोची गोष्ट निघाली नाही.

"मुलगा मस्कतला असतो," त्या म्हणाल्या. हे मला ठाऊक होतं, पण मी बोललो नाही. "हे जाऊन बारा वर्षं झाली. मुलाने घरात सगळं करून दिलंय. कपडे मशीन धुतं, भांडी मशीन घासतं. मे महिन्यात मी रिटायर होणार. मग सकाळी उठून मी कुणाकडे जाऊ, ते तुम्ही सांगा सर." त्यांनी डोळे पुसले, अगदी उघडपणे. "हिला बसमध्ये माझी गरज नव्हती. सोमवारीच कळलं होतं मला. तरी जात राहिले."

मी मनात पुरे दहा मोजले. या वेळी तोंडात पाणी नव्हतं.

"चला बाई, उशीर व्हतोय," सरिता म्हणाली, आणि गाड्या थांबलेल्या बघून तिने बाईंना रस्ता ओलांडून नेलं.

त्यानंतर बाई रोज सकाळी स्टँडवर थांबायच्या आणि सरिता त्यांना शाळेत आणायची. मे महिन्यात बाईंचा निरोप समारंभ झाला. शाल, नारळ आणि भाषणं झाली. जूनमध्ये शाळा उघडली त्या दिवशी सरिताला यायला दहा मिनिटं उशीर झाला. फाटकाशी बघतो तर ती बाईंना हाताला धरून घेऊन येत होती. स्टँडवर बाई दिसल्या नाहीत, तशी ती थेट त्यांच्या स्टँडजवळच्या घरी गेली होती आणि दार वाजवून त्यांना घेऊन आली होती. निवृत्ती म्हणजे काय, हे तिला समजावून सांगायला मी पुढे झालो. बाईंनी मला डोळ्यांनीच गप्प केलं.

आता ती रोज तशी त्यांच्या घरावरून येते. नव्या मुख्याध्यापिकांनी बाईंसाठी ऑफिसात एक खुर्ची ठेवली आहे. सरिता पोचते तेव्हा बाई अंघोळ करून, डबा भरून, दाराशी बसलेल्या असतात.