राखाडी मोटारीच्या विम्याचा हप्ता पाडाव केला, त्याची हकीकत

प्रथम नमन त्या दयाघनास, ज्याने मनुष्यास दोन पाय दिले आणि त्यांचा विमा मागितला नाही. दुसरे नमन संतमंडळीस, ज्यांची कथाकीर्तने ऐकता ऐकता कळले की रुसवे घरोघर आहेत आणि मायाही घरोघर आहे. ऐशास वाचकमंडळींची फर्माईश जाहली की, मास्तरांचे घरी विम्याचा मोठा संग्राम जाहला तो कैसा, कोण लढले, कोण घायाळ जाहले, हे साद्यंत लिहावे. त्यावरून जे घडले ते घडल्याप्रमाणे लिहिले आहे. पदरचे घातले नाही. घातले असल्यास मिठाइतके.

मोटार राखाडी, मध्यम बांध्याची, पाच असामी सुखाने बसतील आणि सहावा बसल्यास तंटा होईल, ऐसी. उमर आठ साल. मालक खासे मास्तर, शाळेत गणित शिकवीत, आणि हिशेबात त्यांचा हात धरील ऐसा शाळेत दुसरा नव्हता. त्यांचे कुटुंब सूनबाई, मोठ्या इस्पितळात रोग्यांच्या कागदपत्रांच्या दफ्तरावर मुख्य. मास्तरांचे तीर्थरूप थोरले, उमर पंचाहत्तर. चौतीस साल शहराची बस हाकिली आणि त्या अवधीत कोंबडीसही धक्का लागला नाही, ऐसी कीर्ती. थोरल्यांचे कुटुंब मातोश्री, स्वभावे तेज आणि गुडघ्याने जेर. दर मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी त्यांस व्यायामाच्या दवाखान्यात नेणे जरूर. त्या दोन दिवशी मास्तर बसने शाळेस जात आणि मोटार थोरल्यांचे हवाली करीत. मग थोरले शर्ट इस्त्रीचा घालून, आरसे तिन्ही पुसोन, मातोश्रींस हात देऊन बसवीत, आणि गाडी ऐसी चालवीत की मागील लोक कर्णे वाजवीत आणि थोरले ते कर्णे आपले स्वागतार्थ आहेत ऐसे समजत.

ऐसे सुखाचे राज्य चालले असता विमा कचेरीचा खलिता आला. मास्तरांनी चष्मा लाविला, वाचला, चष्मा काढिला, पुसिला, पुन्हा वाचला. गतसाली हप्ता छत्तीस हजार. यंदा सत्तेचाळीस हजार. मुदत सतरा दिवस. तितक्यात न भरल्यास मोटार रस्त्यावर आणू नये, ऐसी ताकीद.

मग जेवणाच्या मेजावरून ताटे उचलोन मसलत बैसली. मास्तर बोलले की, हा जुलूम सोसणे नाही, दर साली चढत चढत आता गळ्याशी आले. आणि दुसरे दिवशी मधल्या सुटीत शिक्षकांच्या खोलीत बसोन कचेरीस फोन लाविला. तिकडून यंत्राने बजाविले की आपला फोन आम्हांस मोलाचा आहे, आणि वाद्य सुरू केले. चाळीस मिनिटे तेच वाद्य. कीर्तनात बुवा एकच ओळ घोळतात, परंतु दर आवर्तनी नवा अर्थ काढितात. येथे अर्थ एकदाही निघाला नाही. शेवटी घंटा जाहली आणि मास्तर कानास फोन तैसाच लावोन वर्गात गेले, आणि मुलांनी ते वाद्य गुणगुणोन पाठ केले. पहिला हल्ला ऐसा फसला.

मग मास्तरांनी दुसऱ्या विमेवाल्यांचे किल्ले न्याहाळिले. संगणक मांडीवर घेऊन चार रात्री एकेक तटाखाली गेले, गतसालचे कागद समोर ठेवोन तीच माहिती सगळीकडे भरिली, आणि जो तो पहिल्याहून जास्त मागे. शेवटी आपल्याच विमा कचेरीच्या तटाखाली परतता मात्र बुरूज हलला. चालवणाऱ्यांच्या यादीतून पंचाहत्तर वर्षांचे नाव काढोन पाहता हप्ता सत्तेचाळिसावरून अडतिसावर आला. नऊ हजारांचा फरक. मास्तरांनी नाव घातले, काढिले, पुन्हा घातले, पुन्हा काढिले. आकडा दर वेळी तोच.

आता हे तीर्थरूपांस सांगावे कोणी? मास्तर वर्गात चाळीस पोरांपुढे न डगमगणारे, परंतु सकाळी चहाचे वेळी पेल्यातच पाहात बोलते जाहले.

"बाबा, तुम्ही हल्ली गाडी फारशी काढत नाही, नाही का?"

"मंगळवार आणि शुक्रवार. का रे?"

"नाही, सहज."

"सहज तू काही विचारत नाहीस. लग्न ठरवायचं होतं तेव्हाही सहजच विचारलं होतंस, घराला रंग कधी दिला होता म्हणून."

मग आडपडदा गेला आणि मास्तरांनी सर्व मजकूर सांगितला, आकड्यासुद्धा. थोरल्यांनी पेला खाली ठेविला. मातोश्री बोलल्या.

"आणि मला काय पाठुंगळीला घेऊन जाणार आहेस?"

"आई, टॅक्सी आहे ना."

"त्या टॅक्सीत चढायला आधी गुडघा बरा लागतो. आणि तो बरा असता तर मी तिथं कशाला गेले असते?"

मास्तरांनी अर्ज केला की, मी केवळ विचारतो आहे. मातोश्रींचा हुकूम जाहला की, केवळ विचारणे पुरे, चहा निवला.

त्या दिवशी थोरले संध्याकाळपर्यंत गॅलरीत बसोन येणारी जाणारी वाहने पाहात होते. चौतीस सालांत वरिष्ठांनी त्यांस कधी एक शब्द विचारिला नव्हता, आणि आता घरच्याच माणसाने विचारिला. मग त्यांनी वहीचे पान फाडोन सुवाच्य अक्षरात लेख केला की, माझे नाव यादीतून कमी करावे, माझी हरकत नाही. आणि खाली तारीख घालोन सही केली, आणि मोटारीची किल्ली त्यावर ठेविली. मास्तरांनी तो कागद वाचिला आणि गुन्हेगारासारखे तोंड करून खिशात घातला. फाडावा ऐसे वाटले, परंतु नऊ हजारही आठवले. मनुष्याचे मन ऐसेच. एका पारड्यात बाप आणि दुसऱ्यात हप्ता, आणि ताजवा धरणारा हात आपलाच.

शुक्रवार आला. मातोश्री म्हणाल्या की, गुडघा आता उत्तम आहे, आजपासून जाणे नाही. आणि तोच उत्तम गुडघा घेऊन, भाजी आणावयास, जिन्याची प्रत्येक पायरी आडवे पाऊल टाकीत, कठडा दोन्ही हातांनी धरोन उतरू लागल्या. इस्पितळास निघालेल्या सूनबाईंनी ते खालून पाहिले. सासूबाईंस हात देऊन खाली आणिले, आणि मनाशी ठरविले की आता फौजेची सूत्रे आपण घ्यावी.

सूनबाईंच्या दफ्तरात एक रीत होती. रोगी कितीही ओरडो, डॉक्टर कितीही घाई करो, आधी जुना कागद काढावा, ओळ न् ओळ मोठ्याने वाचावी, मग तोंड उघडावे. याच रीतीने त्यांनी दुपारी, कागदांच्या कपाटांमध्ये उभ्या राहोन, विमा कचेरीस फोन लाविला, आणि वाद्य सोसले, आणि तिकडून एक बाई बोलू लागल्या तेव्हा हप्त्याचे नावही काढिले नाही.

"आमच्या गाडीबद्दल तुमच्याकडे जे जे लिहिलंय, ते सगळं मला वाचून दाखवा."

"सगळं?"

"पहिल्या ओळीपासून. मला घाई नाही."

कचेरीच्या बाई वाचू लागल्या. गाडीचा रंग, बरोबर. इंजिन, बरोबर. राहते घर, बरोबर. अपघात, एकही नाही, बरोबर. मग त्या थांबल्या.

"बाई, एक विचारू का? गाडी भाड्याने देता का तुम्ही?"

"नाही बुवा. का?"

"वर्षाचं अंतर लिहिलंय एक लाख बारा हजार चारशे सहा किलोमीटर. म्हणजे रोजचे तीनशे आठ होतात."

सूनबाईंनी आकडा कागदावर टिपिला. मग मागील सालचा आकडा मागितला: अठ्ठ्याण्णव हजार तीनशे पन्नास. त्यामागील सालचा: चौऱ्याऐंशी हजार दोनशे नव्वद. ऐसे मागे मागे जाता जाता पहिले साल आले, तेथे चौदा हजार. सूनबाईंनी कपाटास पाठ टेकिली, आणि शेजारील कारकुनाने पाणी आणू का म्हणोन विचारिले, ते नको म्हणाल्या.

संध्याकाळी जेवणाच्या मेजावर दरबार भरला. मास्तरांस समोर बैसविले. थोरले आणि मातोश्री साक्षीस.

"विम्याच्या फॉर्मात गाडी किती चालली ते तुम्ही कुठून लिहिता हो?"

"मीटरवरून. दर वर्षी स्वतः खाली जातो, टॉर्च मारतो, चष्मा लावून वाचतो. एक आकडा इकडचा तिकडे नाही."

"सगळा मीटर लिहिता?"

"मग काय अर्धा लिहू?"

"प्रश्न काय आहे? वर्षात किती चालते."

मास्तर हसले. मग हसू अर्ध्यावर राहिले. मग तोंड उघडे पडले. पहिल्या साली मोटार नवी कोरी, सबब मीटर आणि वर्ष एकच, उत्तर बिनचूक. तीच रीत इमानाने पुढे चालविली, आणि दर साली मागील सर्व सालांची धाव पुढील सालाच्या डोक्यावर बैसली. विमेवाल्यांचे मते ती मोटार अहोरात्र धावत होती, आणि तैसाच ते हप्ता चढवीत होते.

"सातवीच्या पोरांना विचारा," सूनबाई म्हणाल्या, "वजाबाकी म्हणून एक प्रकार असतो."

थोरले दोन दिवसांत प्रथम बोलले. "आमची बस दिवसाला दीडशे जायची. आणि ती सरकारी होती."

मातोश्री पदर तोंडास लावोन इतक्या हसल्या की त्यांस गुडघा धरावा लागला. मास्तर खजील जाहले, आणि त्याहून अधिक भयभीत. म्हणू लागले की आपण कचेरीस आठ साल खोटे लिहून दिले. सूनबाईंनी समजाविले की खोटे खरे, परंतु आपल्याच पायावर धोंडा पाडणारे, त्याची सजा भोगोन झाली आहे.

मग मास्तरांनी रात्रीत कबुलीजबाब लिहिला, आणि गॅरेजमध्ये सर्व्हिसिंगची जितकी बिले जाहली तितकी काढिली, ज्यांवर तारीख आणि मीटर दोन्ही होते, आणि कचेरीकडे रवाना केली. सोमवारी उत्तर आले. कलम पहिले: मागील सालांचे जास्त गेले ते गेले, परत मिळणार नाही. मास्तरांनी एक उसासा सोडिला. कलम दुसरे: यंदाचा हप्ता, तिघांची नावे कायम ठेवोन, अठ्ठावीस हजार. मास्तर खुर्चीवरून उठले आणि पुन्हा बैसले. कलम तिसरे: वयस्कर चालकाने स्वतः फोनवर संमती द्यावी.

येथे किल्ला हाती आला आणि किल्लेदार मिळेना. थोरले म्हणाले, "नाव काढायला सांगितलं होतं ना? लिहूनही दिलंय. राहू दे काढलेलं."

मास्तरांनी हप्त्याचे गणित मांडिले, व्यर्थ. मातोश्रींच्या गुडघ्याचे नाव काढिले. थोरल्यांनी मान फिरविली, परंतु उठले नाहीत. तेव्हा मास्तरांनी तो सहीचा कागद खिशातून काढिला. इतके दिवस तो खिशातच होता, कोठे पाठविला नव्हता.

"बाबा, चूक माझी होती. आकड्यात पण आणि तुम्हाला विचारण्यात पण. मी हा कागद आधीच फाडायला हवा होता."

आणि फाडिला. थोरल्यांनी तुकडे वेचोन टोपलीत टाकिले. मग म्हणाले, "लाव फोन."

कचेरीच्या त्याच बाई लाभल्या. त्यांनी पुसिले की गेल्या पाच वर्षांत अपघात जाहला काय. थोरले उत्तरले, "पाच कशाला? चौतीस वर्षं बस आणि पुढे अठरा वर्षं मोटार, एकही नाही." आणि मग उतारावर गियर कोणता, पावसात ब्रेक कसा, शाळा सुटताना कोणते पोर कोठून धावत येईल ते आधी कैसे ओळखावे, याचे निरूपण वीस मिनिटे चालिले. पलीकडून मध्येच आवाज आला, "आजोबा, मला फक्त हो किंवा नाही हवं होतं." पुन्हा क्षणाने, "पण ते पोराचं परत सांगा. मी नुकतीच गाडी शिकतेय." थोरल्यांनी पुन्हा सांगितले, आणि आवाज त्यांचा पूर्वीसारखा, बसच्या मागील आसनापर्यंत पोचणारा, जाहला.

मुदतीस तीन दिवस राहिले असता सनद हाती आली. थोरल्यांनी ती खिडकीशी नेली, बोट लावोन वाचली, आणि कपाळास आठी घातली.

"माझं नाव तिसरं का?"

"बाबा, ते असंच येतं. मालक, मग बायको, मग..."

"चौतीस वर्षं बस चालवली, आणि ज्याला वजाबाकी येत नाही तो पहिला?"

मातोश्रींनी निवाडा दिला की बरोबर आहे. सूनबाईंनी तेथेच फोन लाविला. कचेरीतून कळविले की नावांचा क्रम बदलल्यास आकार शून्य. शून्य हा शब्द ऐकोन मास्तरांनी तत्काळ कबूल केले.

येणेप्रमाणे सतरा दिवसांचे आत मोहीम फत्ते जाहली. हप्ता सत्तेचाळीस हजारांवरून अठ्ठावीस हजारांवर आणिला, मातोश्रींचा मंगळवार आणि शुक्रवार कायम जाहला, आणि नव्या सनदेवर चालकांची नावे ऐसी नोंदली गेली: अव्वल थोरले, दुय्यम सूनबाई, तिसरे मास्तर, मालक.