काकूंच्या आरशातला सिनेमा

वसंतकाकांकडे जेवायला गेलात, की ते आधी तुम्हाला भिंतीकडे पाठ करून बसवतात. सिनेमा त्या भिंतीवर चालू असतो आणि तो बघायचा समोरच्या आरशात. "ताटं मग. तीनच मिनिटं!" अशा तीन-तीन मिनिटांच्या फिल्म्स संपेपर्यंत भात गार होतो. आरसा काकूंच्या ड्रेसिंग टेबलचा. "मी हल्ली टिकली मायक्रोवेव्हच्या दारात बघून लावते," असं काकू येईल त्याला सांगतात.

काका अमेरिकेतल्या कॅरी गावात मुरलेले रिटायर्ड इंजिनियर. पंप सोडले तर जगात कशाशी देणंघेणं नाही. पण शेजारच्या मिस डोरथींनी एकदा कुंपणापाशी आईची गोष्ट सांगितली. घरोघरी टीव्ही येण्याआधी इथल्या हॉटेलांत एक पेटी असायची. नाणं टाकलं की पडद्यावर एक गाणं दिसायचं. कृष्णवर्णीय गायक-नर्तकांची गाणी त्यात पुष्कळ. डोरथींची आई तरुणपणी अशाच एका गाण्यात मागच्या रांगेत नाचली होती. मागच्यांची नावं कुठेच लिहिलेली नसायची, त्यामुळे ऐंशी उलटली तरी लेकीला ते गाणं सापडलं नव्हतं. "मी शोधतो," असं काका बोलून गेले आणि गल्लीतल्या आम्हा सगळ्यांच्या शनिवारांची वाट लागली. जुनी रिळं येत राहिली, प्रोजेक्टर घरघरत राहिला.

एका शनिवारी भिंतीवरच्या मागच्या रांगेतली एक मुलगी हसली आणि मिस डोरथी ताठ बसल्या. मग त्यांनी मान हलवली. हसणं आईचं होतं, पण आईला खळी डाव्या गालावर पडायची, हिला उजव्या. काकांचं तोंड एवढंसं झालं.

पण इंजिनियरच तो. "अरे, ट्रम्पेटवाला डावरा, गिटारवाला डावरा, कोटाची बटणंसुद्धा उलटी! अख्खी पार्टी डावरी कशी असेल यार?" मग त्यांनी शोधून काढलं, की त्या पेटीत आरसे बसवलेले असत, म्हणून फिल्म मुद्दाम उलटी छापत. काकू नको म्हणेपर्यंत त्यांचा आरसा हॉलमध्ये आला होता.

आरशात खळी डाव्या गालावर पडली. मिस डोरथींनी लहान मुलीसारखी आईला हाक मारली. आम्ही सगळे रडलो, काकू सर्वांत जास्त.

आता तरी आरसा परत द्या, असं मी सुचवून बघितलं. "त्या रांगांत अजून कुणाकुणाच्या आया आहेत रे," काका म्हणाले. रिळं येतच आहेत.

परवा जेवताना मिस डोरथींनी विचारलं, तुमची आई कशी दिसायची? एरवी तोंडाचा पट्टा चालू असलेले काका वरणभात कालवत बसले. मग म्हणाले, ती लवकर गेली. एका लग्नातला ग्रुप फोटो तेवढा आहे, पण तो काढताना ती हलली, म्हणून चेहरा पुसट आलाय. मला तिचा चेहरा आठवतच नाही.

मिस डोरथींनी त्यांच्या हातावर हात ठेवला. "हलली? मग नाचायचं असेल तिच्या मनात," त्या म्हणाल्या.

काका हसले, आणि हसता हसताच उठून आत गेले. काकूंनी त्यांचं ताट झाकून ठेवलं.