एका पेशीचा पाहुणचार

नारिनच्या कुरणातली बूरुल आपाची घोडी चोरीला गेली आणि शेजारच्या तोक्तोसूनच्या तबेल्यात सापडली. आपाचं शिंगरू धावत गेलं आणि गावादेखत घोडीला लुचू लागलं. तोक्तोसून म्हणाला, घोडी माझीच. मागासलेला काळ असता तर भांडण तिथेच मिटलं असतं. पण जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत नुकतंच लेझरचं यंत्र आलं होतं.

"साहेब, लेकराने आईला ओळखलं की!" आपा म्हणाली.

"लुचणं हे शिंगराचं वैयक्तिक मत झालं, आपा," तपास समितीचे अध्यक्ष सातारकूल म्हणाले. "पुरावा म्हणजे डीएनए. कानाच्या टवक्यातून आमचा लेझर नेमकी एक पेशी कापून उचलतो. कुणाचं काही जात नाही."

निकालापर्यंत घोडी 'जैसे थे', म्हणजे चोराकडे राहिली. ती आटली तर पुराव्यात फेरफार होईल, म्हणून पान्हा फुटायला आपाने शिंगरू रोज तिकडे न्यावं, असा आदेश निघाला. त्या दुधाचं आंबवलेलं कुमीस मात्र तोक्तोसून पीत होता.

समिती दारी आली म्हणजे पाहुणे आले, आणि पाहुण्यांसाठी मेंढा कापून त्याचं मुंडकं सर्वांत मानाच्या पाहुण्यापुढे ठेवायलाच हवं. आपाने कापला. नमुना दिसायला भिंग लागत होतं, समितीची भूक मात्र उघड्या डोळ्यांना दिसत होती. ती पेशी वाटेत वाळली. समिती पुन्हा आली, पुन्हा मेंढा. मग आईची पेशी कुठली नि लेकराची कुठली, याचा घोळ झाला. त्या घोळापायीही एक मेंढा गेला. असं करत शरद ऋतू आला.

समिती निकाल घेऊन आली तेव्हा आपाकडे मेंढी उरली नव्हती.

"कोंबडी कापते," ती म्हणाली.

"अगं बाई, अध्यक्षांपुढे कोंबडीचं मुंडकं ठेवणार?" शेजारची सायकाल कडाडली. "गावाचं नाक कापशील!"

आपा तंबूमागे जाऊन रडली. मग तिने शिंगराच्या गळ्यात दोर घातला.

गावजेवण झालं. सातारकूल बोटं पुसून वाचू लागले, "घोडी ही शिंगराची आई असल्याचं निर्विवाद सिद्ध झालं आहे. अर्जदाराने शिंगरू हजर करून घोडी ताब्यात घ्यावी."

"साहेब, ते तर आत्ता तुम्ही..."

"हजर नाही? मग दावा निकाली."

"मांस कोवळं होतं हं, आपा," तोक्तोसून ढेकर देत म्हणाला.

समिती खादाड, आपा खुळी, असं म्हणून तुम्ही मोकळे व्हाल. खुशाल व्हा. पण त्या दिवशी तिने पाहुण्यांपुढे कोंबडी ठेवली असती, तर तिला नावं ठेवायला सगळ्यांत आधी तुम्हीच तोंड उघडलं असतं.