धामसरीचा दुवेगी रिसीव्हर

धामसरी गावात लोक दोन वेगांनी बोलतात. वरच्या आळीतलं वाक्य शिंकेइतक्या वेळात संपतं. खालच्या आळीतलं कुकरच्या तीन शिट्ट्या होईपर्यंत चालतं. दवाखाना मात्र गावाला एकच. बोलणं उजेड होऊन ज्यांतून धावतं अशा, घराघरातून निघालेल्या काचेच्या तारा वाटेत एकत्र होतात आणि एकच तार दवाखान्यात शिरते. तिच्या टोकाचा रिसीव्हर वरच्या आळीच्या वेगाचा होता. खालून कोणी बोलू लागलं की डॉ. मुजावरांना नुसती घरघर ऐकू येई. गेल्या पौषात खालच्या आळीतले भिकाजी पाटणे वारले, तेव्हा त्यांच्या घरून आलेली घरघर डॉक्टरांनी तारेतला दोष म्हणून कळवली होती.

त्या तक्रारीवरून जिल्ह्याच्या कचेरीने शर्वरी घोटगेला पाठवलं. रिसीव्हर बनवणं हेच तिचं काम. ती आधी पाटणेकाकूंकडे गेली. "मी डॉक्टरांना तीनदा सांगितलं," एवढं काकूंचं बोलून होईतो पुढ्यातल्या चहावर साय धरली. शर्वरीने तो सायीसकट पिऊन टाकला. बाहेर पडताना तिने मनाशी पक्कं केलं, दोन्ही आळ्या ऐकणारा रिसीव्हर झाल्याशिवाय गाव सोडायचं नाही.

कचेरीतून केळुसकर साहेबांचा फोन आला. "दोन रिसीव्हर लावा. उजेड अर्धा अर्धा वाटून द्या आणि दुपारच्या एसटीने परत या."

"खालची आळी लांब आहे, साहेब. तिथला उजेड इथवर येईतो फिका होतो. त्याचा अर्धा केला तर घरघरसुद्धा यायची नाही."

"मग?"

"एकच ठेवायचा. बोलणारा बदलला की रिसीव्हरने आपला वेग बदलायचा."

"जमेल?"

"जमवते."

ते सहजी जमलं नाही. वरच्या आळीसाठी रिसीव्हरचं तोंड सताड उघडं ठेवावं लागे; तसं ठेवलं की त्यातून खरखर आत शिरून खालची आळी बुडवी. तोंड आवळलं की वरची आळी बाहेर राही. शिवाय जवळच्या घराचा मोठा आवाज ऐकला की रिसीव्हर त्याच धुंदीत राही आणि पाठोपाठ आलेला लांबचा बारीक आवाज त्याच्या खिजगणतीत नसे. शर्वरीने तो पुन्हा पुन्हा उघडला. शेवटी ती डॉक्टरांना म्हणाली, "एकाचं बोलणं थांबलं की याने ते साफ विसरायला हवं. आणि पुढचा कोण आहे हे कळायला त्याला थोडा वेळ द्यायला हवा. बोलण्याआधी प्रत्येकाने खाकरावं."

यासाठी ग्रामसभा भरली. वरच्या आळीच्या सुमनताई ढवण यांनी हरकत घेतली. ती कोणाच्या लक्षात येण्याआधीच संपली होती, म्हणून डॉक्टरांनी ती पुन्हा सांगितली. "ताईंचं म्हणणं, खाकरण्यात आमचा वेळ का घालवायचा?"

"खालच्यांची दोन अक्षरं होतात, त्यांच्यामध्ये तुमचं अख्खं बोलणं बसतं," शर्वरी म्हणाली. "ती जागा तुम्हाला देते. त्याबद्दल एवढं खाकरा."

सुमनताईंनी मान डोलावली.

खालच्या आळीतर्फे गजाभाऊ शेट्ये उभे राहिले. लोक घरी जाऊन जेवून आले, तेव्हा त्यांचा मुद्दा पुरा झाला. खाकरायला हरकत नाही, पण नंतर थुंकायचं की गिळायचं, हे सभेने ठरवून द्यावं. सभेने गिळायचं ठरवलं. आधी खाकरायचं, मग आडनाव, मग दुखणं, असा ठराव झाला.

मंगळवारी सकाळी रिसीव्हर बसला. वरच्या आळीतून एक ताप आणि एक मुरगळलेला पाय असे आले, नीट ऐकू आले. मग लांबलचक खाकरणं आलं. डॉक्टरांनी हातातलं इंजेक्शन खाली ठेवलं.

"शे," रिसीव्हर म्हणाला. मध्ये वरच्या आळीतून कोणीतरी दवाखाना कधी बंद होतो ते विचारून घेतलं. "ला," रिसीव्हर म्हणाला. "र." मग "छा." मग "ती."

"शेलार. छाती," डॉक्टर म्हणाले आणि बॅग घेऊन निघाले. ऑक्सिजनची नळकांडी उचलून शर्वरी त्यांच्यामागे धावली.

शेलारांच्या घरी यमुनाबाई फोन कानाला लावून बोलत होत्या. त्या अजून "दुखतंय"पाशी होत्या. दोघं आत आलेली पाहून त्यांनी हाताने पलंग दाखवला आणि बोलणं चालू ठेवलं. डॉक्टरांनी शेलारांना सुई टोचली, नाकाला नळी लावली, नाडी धरून बसले. हळूहळू शेलारांच्या ओठांचा निळेपणा गेला. त्यांनी पाणी मागायला सुरुवात केली.

यमुनाबाईंचं वाक्य शेवटाकडे आलं होतं. मध्येच तोडणं बरं दिसलं नसतं. शर्वरीने स्टूल ओढलं आणि ती बसून राहिली.

"लवकर या," असं म्हणून यमुनाबाईंनी फोन ठेवला आणि त्या वळल्या.

डॉक्टर खाकरले. मग त्यांनी यमुनाबाईंच्याच वेगाने सांगायला घेतलं, की आलो.