काळा, निळा आणि सोफा

बायकोसाठी नवा फोन घ्यायचा, एवढंच तपासनिसांनी ठरवलं होतं. ठरवायला अर्धा कप चहासुद्धा लागला नाही. पुढे जे झालं त्याला घरातला सोफा साक्षीदार आहे, आणि तो त्या जागी अजून जरा दबलेलाच आहे.

तपासनीस हे काही त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. खुर्च्यांच्या कारखान्यात ते तयार माल तपासायचे, म्हणून तिथे हे नाव पडलं आणि हळूहळू घरीही आलं. काम म्हणाल तर सोपं. खुर्ची समोर आली की तिच्यावर धपकन बसायचं, डावीकडे कलायचं, मग उजवीकडे, आणि कुरकुर ऐकू आली तर खुर्ची परत पाठवायची. (कुरकुर माणसाने केली तर त्याला परत पाठवायची सोय नव्हती, नाहीतर स्टोअरचा कारकून कधीच परत गेला असता.) वर्षानुवर्षं हेच केल्यामुळे त्यांना साधं बसणं जमेनासं झालं होतं. बँकेत गेले, दवाखान्यात गेले, तरी धपकन, डावीकडे, उजवीकडे. एकदा एका घरी सांत्वनाला गेले आणि असे काही बसले, की त्या घरातल्या माणसांनी रडणं थांबवून आधी सोफ्याकडे पाहिलं.

बायको घरीच कपडे शिवायची. पुढच्या खोलीत तिचं मशीन, आणि मशीनशेजारी सुयांच्या डबीला टेकवून ठेवलेला तिचा जुना फोन. दिवसभर मान मोडून काम केल्यावर दुपारी ती आपल्या बहिणीशी फोनवर बोलायची. तेवढीच तिची सुट्टी. पण काही दिवसांपासून बहिणीला तिचा आवाजच पोचेना. तिकडून बहीण "हॅलो, हॅलो" म्हणायची, इकडून ही जीव तोडून ओरडायची, आणि शेवटी बहीण "लागत नाहीये वाटतं" असं स्वतःशीच बोलून फोन ठेवायची. बायको गप्प गप्प राहू लागली. तपासनिसांना ते बघवेना. त्यांचं बायकोवर प्रेम होतं, आणि घरात शांतता असली की त्यांना आपलं काहीतरी चुकल्यासारखं वाटायचं.

त्यात आणखी एक गोष्ट होती. याआधी त्यांनी स्वतः तपासून आणलेला मिक्सर एकदा सुरू झाला की प्लग काढल्याशिवाय थांबायचा नाही. त्यांनीच निवडलेल्या इस्त्रीने फक्त त्यांचेच शर्ट जाळले. तेव्हा या वेळी तरी बायकोने आपण होऊन "चांगला आणलात हो" असं म्हणावं, एवढी एकच इच्छा त्यांच्या मनात होती.

दुकानात दोन कंपन्यांचे दोन फोन त्यांच्या मनात भरले होते, एक काळा, एक निळा. चूक इतकीच झाली, की कोणता घ्यावा असा सल्ला त्यांनी घरच्यांना विचारला.

"भाऊजी, डोळे मिटून काळा घ्या," मेहुणा म्हणाला. तो स्वतः त्याच कंपनीचा फोन वापरायचा. "धातूची चौकट आहे. हातात घेतला की काहीतरी घेतल्यासारखं वाटतं. बिल्ड क्वालिटी म्हणतात ती हीच."

"धातूच हवा असेल तर तवा घे की," तपासनिसांची थोरली बहीण म्हणाली. तिच्याकडे निळ्याच्या कंपनीचा फोन होता. "निळा घे. त्याचं सॉफ्टवेअर बघ. माणूस पडला तर तो स्वतः विचारतो, पडलात का म्हणून. उत्तर नाही आलं तर घरी फोन लावतो. आणि वापरणाऱ्याच्या सवयी शिकतो, त्याला काही सांगावं लागत नाही."

"ताई, पडल्यावर तुमचा फोन राहतो का पण जागेवर?" मेहुण्याने विचारलं.

"आमच्याकडे कुणी पडत नाही," ताई म्हणाली.

झालं. प्रश्न फोनचा राहिलाच नाही. काळा घेतला तर ताई म्हणणार, बायकोच्या माहेरचं ऐकलं. निळा घेतला तर मेहुणा तोंडाने काही म्हणणार नाही, पण पुढच्या वेळी टेबल सरकवायला बोलावलं की त्याची पाठ दुखणार. तपासनिसांनी रात्रभर या कुशीवरून त्या कुशीवर केलं (पलंगही तपासून झाला) आणि सकाळी निकाल दिला. दोन्ही फोन घरी आणायचे, कारखान्यात करतात तशी रीतसर चाचणी घ्यायची, आणि कोणता कोणाचा हे परीक्षकांना कळू द्यायचं नाही.

दुकानदार ओळखीचा होता. त्यांच्याच कारखान्याच्या खुर्चीवर तो बसायचा. "दोन्ही न्या," तो म्हणाला, "सोमवारी एक परत आणा. पण ओरखडा दिसला तर तो तुमचा."

"मी तपासनीस आहे," तपासनीस म्हणाले.

"म्हणूनच सांगतोय," दुकानदार म्हणाला.

घरी आल्यावर त्यांनी बायकोला दोन कव्हरं शिवायला सांगितली. समोर खिडकी, मागून पूर्ण बंद, म्हणजे कंपनीचं नाव दिसायला नको. बायकोने सोफ्याची खोळ शिवताना उरलेलं कापड काढलं. करड्या रंगावर तपकिरी चौकटी. बघता बघता दोन कव्हरं तयार झाली, एकावर एक आकडा, दुसऱ्यावर दोन. तरी निळा हातात हलका लागत होता आणि ओळखू येत होता. तेव्हा तपासनिसांनी बायकोच्या डब्यातली कोटाची जाडजूड बटणं घेऊन निळ्याच्या पाठीमागे कव्हरात सरकवली. हातात तोलून पाहिलं. दोन्ही सारखे. आपल्या निष्पक्षपणाचं त्यांना स्वतःलाच कौतुक वाटलं.

"अहो, ऐकता का," बायको मशीनवरून म्हणाली, "मला एक सांगायचं होतं, त्या जुन्या..."

"चाचणी होऊ दे. मग सांग."

"बरं," बायको म्हणाली आणि तिने मशीनचं पायडल दाबलं.

रविवारी दुपारी मेहुणा आणि ताई दोघंही आले. दोघांनाही वाटत होतं आपण जिंकायलाच आलोय. तपासनिसांनी दोन्ही फोनवर एकच फोटो लावून ठेवला होता, सगळी चिन्हंही एकाच क्रमाने मांडली होती. (त्यात त्यांची अख्खी सकाळ गेली आणि अंघोळ राहिली.) त्यांनी कारखान्यातला पांढरा कोट चढवला. ताई म्हणाली, न्हावी दिसतोयस.

मेहुण्याने दोन नंबर उचलला, तोलला, आणि त्याच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. "हा. याला म्हणतात दणकटपणा. भाऊजी, मला डोळे बांधून दिला असतात तरी ओळखला असता. तो एक नंबर म्हणजे नुसतं खेळणं आहे."

ताईने एक नंबर घेतला. फोटो काढला, परत बघितला, निरोप टाइप केला, पुसला. "किती सुटसुटीत आहे बघ. बोट टेकवायच्या आधी कळतं याला काय हवंय ते. तो दोन नंबर नुसता विचार करत बसतो, तुझ्या साहेबांसारखा."

"निकाल नक्की ना?" तपासनिसांनी विचारलं.

"नक्की," दोघं एकदम म्हणाले. आजवर त्यांचं एकमत झाल्याचा हा पहिलाच प्रसंग.

तपासनिसांनी कव्हरं काढली. मेहुण्याने ज्याचे गोडवे गायले होते तो निळा निघाला आणि ताईला सुटसुटीत वाटलेला काळा. पुढच्या खोलीत मशीन चालूच होतं.

आता दोघं एकमेकांची तोंडं बघतील, हसतील, आणि आपण मोठ्या मनाने एक फोन निवडू, असा तपासनिसांचा अंदाज होता. पण हरलेली माणसं फार लवकर एकत्र येतात. मेहुण्याचं लक्ष टेबलावर घरंगळलेल्या बटणांकडे गेलं.

"ही कशाला घातली होती?"

"वजन सारखं करायला. चाचणी न्याय्य व्हावी म्हणून."

"म्हणजे तुम्ही मला बटणांची बिल्ड क्वालिटी तपासायला लावलीत?"

"आणि माझी चिन्हं हलवून ठेवलीस," ताई म्हणाली. "घरच्या माणसांना फसवायला तुला लाज नाही वाटत? चल रे, आपण आत चहा करू. याच्याकडे बघवत नाही."

चल रे म्हणून तिने मेहुण्याला नेलं, आणि तो गेलाही. आयुष्यात पहिल्यांदा दोन्हीकडच्या माणसांमध्ये गोडी निर्माण झाली होती, ती तपासनिसांच्या विरोधात. त्यांना मनापासून वाईट वाटलं. सगळं इतकं नीट केलं होतं, आणि कोणीच "छान" म्हटलं नव्हतं. त्यांनी हताशपणे दोन्ही फोन पुन्हा कव्हरांत घातले, बटणांसकट. ओरखडा येऊ नये म्हणून घरातली सर्वांत मऊ जागा शोधून ते तिथे शेजारी शेजारी पालथे ठेवले. मग कोट काढून खुंटीला अडकवला आणि थोडं टेकावं म्हणून वळले.

सोफा करडा होता. त्यावर तपकिरी चौकटी होत्या.

तपासनीस धपकन बसले. डावीकडे कलले. मग उजवीकडे कलले, आणि खालून "कट्" असा आवाज आला. वर्षानुवर्षांच्या सवयीने त्यांच्या तोंडून आधी "परत पाठवा" असं निघालं. मग आपण कशावर बसलोय ते त्यांच्या लक्षात आलं.

तेवढ्यात त्यांच्या बुडाखालून एक गोड, काळजीचा बाईचा आवाज आला, "आपण पडलात का? आपल्याला मदत हवी आहे का?"

मेहुणा आणि ताई कप घेऊन धावत आले. तपासनीस उठायला तयार नव्हते. दोघांनी त्यांना दंडाला धरून उठवलं. काळ्याला काहीही झालं नव्हतं. निळ्याच्या पाठीत कोटाची बटणं रुतली होती, आणि समोर काचेवर या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत भेगांचं जाळं पसरलं होतं.

"बिल्ड क्वालिटी," मेहुणा हळूच म्हणाला.

"सॉफ्टवेअर," ताई म्हणाली. "अंगावर बसलास तरी तुझीच चौकशी करतोय बिचारा. तुझ्या माणसांपैकी कुणी केली का?"

म्हणजे दोघंही जिंकले आणि खूश होऊन चहा प्यायला बसले. हरलं कोण, हे कुणी बोलून दाखवलं नाही.

तपासनीस फुटका फोन घेऊन पुढच्या खोलीत गेले. आता बायकोच्या हातात काय द्यायचं, या विचाराने त्यांचा चेहरा एवढासा झाला होता. बघतात तर बायको मशीन थांबवून, पाय लांब करून, जुन्याच फोनवर बहिणीशी बोलत होती. तिकडून बहीण खदखदून हसत होती, म्हणजे आवाज पोचत होता. बऱ्याच वेळाने बायकोने फोन ठेवला.

"हा चालू कसा झाला?"

"त्याच्या खालच्या भोकात कापसाचे तंतू अडकले होते. शुक्रवारीच बारीक सुईने काढले. तुम्हाला सांगत होते, पण तुमची चाचणी चालली होती."

"मला विचारायचं तरी."

"विचारायचं तुम्ही होतं," बायको म्हणाली. "फोन मला हवा होता ना? सगळ्यांची परीक्षा घेतलीत, मला कुणी एक नंबर दाखवला नाही की दोन." ती रागावली नव्हती, हेच जास्त लागलं. मग तिला फुटका फोन दिसला, आणि ती इतकी हसली की तिने तेवढ्यासाठी बहिणीला पुन्हा फोन लावला.

सोमवारी दुकानदाराने काळा फोन उजेडात धरून सगळीकडून पाहिला आणि ठेवून घेतला. निळा पाहिलासुद्धा नाही, नुसता हाताने तपासनिसांकडे सरकवला. अशा रीतीने चाचणीत टिकला तो दुकानात परत गेला, आणि मोडला तो तपासनिसांच्या खिशात आला.

काच फुटली तरी त्याची हुशारी शाबूत होती. कारखान्यात तपासनीस प्रत्येक खुर्चीवर बसले की खिशातून विचारणा व्हायची, आपण पडलात का. उत्तर द्यायला उशीर झाला की फोन थेट घरी. बायको बहिणीशी बोलत असताना मध्येच यांचा फोन यायचा.

"पडलात की बसलात?" ती विचारायची.

"बसलोय."

"मग ठेवते."

काही दिवसांनी चौकशा कमी झाल्या आणि मग बंदच झाल्या. तपासनिसांनी मोठ्या अभिमानाने ताईला कळवलं, की फोन खरंच सवयी शिकतो. आता त्याला बसणं आणि पडणं यातला फरक समजतो.

पुढच्याच आठवड्यात एक नवी खुर्ची आली. तपासनीस धपकन बसले, डावीकडे कलले, आणि उजवीकडे कलायच्या आत खुर्चीचे पाय चारही दिशांना गेले. ते सपशेल आडवे. कंबरेतून कळ आली. जेवणाची सुट्टी असल्यामुळे आसपास चिटपाखरू नव्हतं. पण ते घाबरले नाहीत. छताकडे बघत, खिशातून तो गोड आवाज येण्याची वाट बघत पडून राहिले.

खिसा गप्प होता. बऱ्याच वेळाने त्यांनी कसाबसा फोन काढला आणि स्वतःच घरी लावला.

"मी पडलोय," ते कण्हत म्हणाले.

पलीकडे मशीन थांबलं.

"फोन तर काही बोलला नाही," ती म्हणाली. "बसला असाल."

आणि मशीन पुन्हा सुरू झालं.