जिल्ह्याच्या हद्दीतलं वर्षावन

सोलापूर जिल्ह्यात वर्षावन नाही, ही गोष्ट प्रशासनाच्या लक्षात पहिल्यांदा जून महिन्यात आली. तोवर जिल्ह्याचं काही अडलेलं नव्हतं. ज्वारी पिकत होती, चादरी विणल्या जात होत्या, ऊन वेळच्या वेळी पडत होतं. पण वरून परिपत्रक आलं. इयत्ता पाचवीच्या प्रत्येक विद्यार्थ्यास वर्षावनाचा प्रत्यक्ष अनुभव द्यावा, त्याच्याकडून संवर्धनाची शपथ घ्यावी, आणि सहल कोणत्याही परिस्थितीत जिल्ह्याच्या हद्दीबाहेर नेऊ नये.

सात रस्त्याजवळच्या एका कचेरीत बैठक बसली. अध्यक्षस्थानी पंचाक्षरी साहेब होते. साहेबांनी आयुष्यात कुठलाही प्रश्न पेंडिंग ठेवला नव्हता; प्रश्नाचं नाव बदललं की तो निकाली निघतो, हे त्यांनी नोकरीच्या पहिल्याच वर्षी ओळखलं होतं.

"वर्षावन नाही असं आपण कशावरून म्हणतो?" साहेब म्हणाले. "आधी व्याख्या करा. मग शोधा. व्याख्येत बसलं की सापडलं. हौदो अल्लो?"

खरं की नाही, असं ते कानडीतून विचारत, आणि खरं नाही असं आजवर कोणी म्हणालं नव्हतं. व्याख्या तयार झाली. जिथे आत शिरल्यावर आभाळ दिसत नाही, पायाखाली सदैव ओल असते, अंगाला घाम सुटतो आणि ज्याच्या पोटात कोणता प्राणी दडलाय ते बाहेरून कळत नाही, ते वर्षावन.

माळशिरस तालुक्यातून आलेला एक कारकून हळूच म्हणाला, "साहेब, हा तर आमच्याकडचा ऊस झाला की!"

 साहेबांनी चष्मा काढला, पुसला आणि ते म्हणाले, "सापडलं."

अकलूजच्या अलीकडे रस्त्याला लागून नवनाथ तात्यांचा बारा एकर ऊस होता. पंधरा दिवसांत तिथं कमान उभी राहिली: 'वर्षावन अनुभव व निसर्ग पर्यटन केंद्र'. आता उणीव होती ती मार्गदर्शकाची.

मार्गदर्शक शेजारीच होता. उसाच्या बांधाला लागून गायरानाचा एक तुकडा होता, खडकाळ, गवताळ, उघडाबोडका माळ. रत्नदीप या माळाचा माणूस. त्यानं निसर्ग मार्गदर्शकाचं रीतसर प्रशिक्षण घेतलं होतं. बिल्ला होता, टोपी होती, गळ्यात दुर्बीण होती. नव्हते ते फक्त पर्यटक. कोणी गाडी थांबवून विचारलंच, "इथं बघायला काय आहे?" तर तो जीव ओतून सांगे. पहाटे खोकड येतं, गवतातून धाविक पक्षी पळतो, चंडोल गात गात आभाळात चढतो आणि गाणं संपलं की दगडासारखा खाली येतो. पाहुणा काच वर करी आणि म्हणे, "म्हणजे काहीच नाही."

रत्नदीपच्या आईला, सोनाबाईला, जात्यावरच्या ओव्या येत. जातं गेलं, पण ओव्या लेकाच्या ओठांवर राहिल्या. कोणी ऐकायला नसलं की तो माळालाच ऐकवी:

माळाच्या गं मांडीवर, टिटवीची अंडी चार
वर आभाळाचं छत, खाली खड्यांचा शेजार

त्याला एकच हाव होती. लेकरांनी इथं यावं, अर्धा तास गवतात गप बसावं. एकदा चंडोल ऐकलेलं लेकरू पुढं मोठं होऊन या माळावर नांगर घालणार नाही, अशी त्याची भाबडी समजूत होती.

तात्या त्याच्याकडे आले. "रत्नदीप, लेकरं येत्यात. बसा भरून. तेन्ला काय दावायचं, काय सांगायचं, ते तू बघ. फकस्त एक. ऊस म्हणायचं न्हाय."

"आन काय म्हणू?"

"साहेबांनी लिवून दिलंय. उंच तृणवर्गीय वर्षावन."

रत्नदीपनं माळाकडे बोट केलं. मग म्हणाला, "तात्या, माझी एक अट. परत जाताना लेकरं अर्धा तास माळावर बसतील."

"बसू दे की! गाड्या लावाय तितंच लागंल." तात्या खूश झाले. "तसंबी तितं काय हाय?"

असा रत्नदीप वर्षावनात शिरला.

वर्षावनाला पाऊस हवा. तो शेतात पाणी फवारणाऱ्या रेनगननं पाडायचं ठरलं. लाइट आली की पाऊस, गेली की उघडीप. त्यामुळे इथल्या पावसाचा अंदाज वेधशाळेपेक्षा वायरमन अचूक सांगे. वर्षावनाला प्राणी हवेत. त्यासाठी धनगरवाड्यावरच्या बिरप्पाला 'अदृश्य वन्यजीव' या पदावर नेमण्यात आलं. उसात आत बसायचं, शिट्टी झाली की पाचट खसाखसा हलवायचं आणि घशातून आवाज काढायचा.

"कुटला आवाज काढू?" बिरप्पानं विचारलं.

"कुटलाबी काढ," तात्या म्हणाले. "दिसत न्हाइस तवर तू हत्तीबी हाइस आन वाघबी हाइस."

जानेवारीत पहिली बस आली. सोलापूरच्या एका शाळेची पाचवी, सोबत चंद्रिका मॅडम. निम्मी पोरं वाटेत ओकलेली, उरलेली वेफर्स खात उतरली. रत्नदीपनं त्यांना उसाच्या सरीतून आत नेलं. वर पाती मिटली, आभाळ गेलं, ओल्या मातीचा गोडूस वास आला. व्याख्या शब्दशः खरी ठरत होती. एवढ्यात चैताली नावाच्या एका बारक्या मुलीनं कांड्यावरून बोट फिरवलं आणि विचारलं, "दादा, हा ऊस आहे ना? रसवंतीत असतो तो?"

पाचटात बिरप्पासुद्धा हलायचा थांबला.

"चैताली, प्रश्न शेवटी," मॅडम म्हणाल्या. "आणि पेपरात वर्षावन लिहायचंय."

पोर मात्र मॅडमकडे बघतच नव्हती. ती रत्नदीपकडे बघत होती. खरं सांगावं तर कमान पडते, बस परत जाते आणि माळावरचा अर्धा तासही जातो. रत्नदीपनं घसा खाकरला आणि जे तोंडाला आलं ते गायला लागला:

उंच उंच झाडांवरी, ढगांचं गं तोरण
मिठी मारा लेकरांनो, करा वनाची राखण

गळा गोड होता. पोरांनी ओळ उचलली. लाइट आली, पाऊस पडला, बिरप्पानं हत्ती केला. टाळ्या वाजल्या. प्रत्येक पोरानं एकेक झाड दत्तक घेतलं, त्याला नाव दिलं, त्याला मिठी मारून शपथ घेतली. चैतालीनं आपल्या झाडाचं नाव 'लंबू' ठेवलं. पुन्हा तिनं तो प्रश्न विचारला नाही. इतकं सुंदर गाणारा माणूस खोटं कशाला बोलेल, असं तिला वाटलं असावं.

जाताना अर्धा तास माळ झाला. बस वळवायला, फोटोला आणि डब्यांना वेळ गेल्यानं तो प्रत्यक्षात फारच थोडा उरला. पण चंडोल वर गेला. वीस-पंचवीस माना त्याच्यामागं वर गेल्या. रत्नदीपला वाटलं, झालं. एक खोटं पचलं आणि एक खरं रुजलं. सौदा बरा झाला.

परिपत्रकात पुनर्भेटीचीही तरतूद होती. विद्यार्थ्यांनी संवर्धित केलेलं वर्षावन संवर्धितच आहे ना, हे विद्यार्थ्यांनीच तपासायचं होतं. फेब्रुवारी सरता सरता तीच बस पुन्हा आली. या वेळी रत्नदीपनं लबाडी केली. आधी माळ दाखवला. टिटवीनं अंडी घातली होती. ना काडी, ना कापूस. खड्यांत चार ठिपकेदार खडे. शोधूनही कोणाला सापडेनात. ती चैतालीला सापडली. तिनं श्वाससुद्धा दाबून धरला.

"एवढी उघड्यावर?"

"उघडं आहे म्हणून तर जपली जातात. झाड असतं तर झाडावर कावळा बसला असता."

हे तिच्या शाळेत शिकवलेलं नव्हतं. ती बराच वेळ तिथंच उकिडवी बसून राहिली.

आणि नेमकी त्याच दिवशी तात्यांच्या उसाला कारखान्याची तोड आली.

तोडणी कामगारांची टोळी उसाच्या फडात शिरली. कोयते खणाणले. बांधावरून पोरांनी पाहिलं आणि किंकाळी फुटली, "जंगलतोड!" मॅडम अडवायच्या आत अख्खी पाचवी उसात. ज्यानं त्यानं आपापलं झाड गाठलं आणि मिठी मारली. कुणीतरी ओळ उचलली, करा वनाची राखण, आणि फड दणाणला.

टोळीतली नागूबाई कोयता खाली करून चैतालीपाशी आली. "सोड गं माझ्या बाय. पात्यानं हात कापत्यात. बग, रगत आलं की!"

"तुम्ही लंबूला मारणार."

"आता ह्यो लंबू कोन?"

"हे वर्षावन आहे!"

नागूबाईनं वर पाहिलं, खाली पाहिलं, मग रत्नदीपकडे पाहिलं. "दादा, तुमी तर शिकल्यालं दिसताय. हितं काय चाललंय?"

एक शब्द बास होता. दोनच अक्षरांचा. चैतालीच्या दंडावर रक्ताच्या बारीक रेघा उमटल्या होत्या. रत्नदीपनं पलीकडच्या माळाकडे पाहिलं. टिटवी शांत बसली होती. शब्द जिभेपर्यंत आला आणि त्यानं तो गिळला. "बाई, आजच्या दिवस थांबा," एवढंच तो म्हणाला.

टोळी रिकामी परतली. संध्याकाळी पोरांचे फोटो मोबाइलभर फिरले: 'चिमुकल्यांनी वाचवलं वर्षावन'. ज्यांनी ते पुढं पाठवले, त्यांत साखर कारखान्याचे दोन संचालकही होते.

आता पेच पडला. वर्षावन तोडता येईना, कारण ते वर्षावन होतं. ठेवता येईना, कारण तो ऊस होता. तुरा आला की वजन घटतं, म्हणून तात्या डोकं धरून बसले. पुन्हा बैठक बसली. तात्या होते, चंद्रिका मॅडम होत्या, आणि तज्ज्ञ म्हणून रत्नदीपला दाराजवळची खुर्ची होती.

पंचाक्षरी साहेबांचा चेहरा प्रसन्न होता. "अवघड काय आहे यात? विकासकामासाठी जंगल तोडायला परवानगी मिळतेच. अट एकच. तेवढंच जंगल दुसरीकडे लावून द्यायचं. पर्यायी वनीकरण. शेजारी एखादी पडीक जागा बघा."

"हाय की," तात्या म्हणाले. "लागूनच हाय. गाड्या लावतो ती."

रत्नदीप उभा राहिला. "साहेब, तो माळ पडीक नाही. तो माळ आहे."

"तिथं झाडं आहेत?"

"नाहीत. माळावर नसतातच."

"वर्षावनाला लागून झाडं नाहीत?" साहेब गंभीर झाले. "म्हणजे ती आधीच कुणीतरी तोडलेली आहेत. लिहा, अवनत वनक्षेत्र."

"साहेब, तिथं टिटवीची अंडी आहेत."

"अंडी झाडावर असतात. झाड नाही म्हणता, मग अंडी कुठली?"

"जमिनीवर."

"जमिनीवर म्हणजे पडलेली," साहेब कनवाळूपणे म्हणाले. "बघा, झाडं नसल्यामुळं पक्ष्यांची काय अवस्था झालीय! आणि तुम्ही निसर्ग मार्गदर्शक असून झाडं लावायला विरोध करता? मुलांना काय वाटेल?"

हा शेवटचा प्रश्न त्याला बरोबर लागला. आता सांगायचं तर पहिल्यापासून सांगावं लागणार होतं. हा ऊस आहे, हत्ती बिरप्पा आहे, पाऊस रेनगनचा आहे आणि ती ओवी माझी आहे. तो खाली बसला. खुर्ची करकरली, तेवढीच त्याच्या विरोधाची नोंद.

ऊस तुटला. माळावर ट्रॅक्टर फिरला. लागणीचा हंगाम उलटून चालला होता, पण वर्षावनाला कुठला आलाय हंगाम! सऱ्या पडल्या, बेणं आलं आणि ज्यांनी वन वाचवलं त्यांच्याच हस्ते लागण करायची म्हणून बस तिसऱ्यांदा आली. प्रत्येकाच्या हातात दोन डोळ्यांची उसाची एक टिपरी. मॅडम म्हणाल्या, "मुलांनो, हे आहे वर्षावनाचं रोप. दादा, गाणं घ्या."

डोक्यावर टिटवी घिरट्या घालत होती. खाली यायची, सरीवर कोसळल्यासारखी झेपावायची, पुन्हा वर. तिचा आवाज ट्रॅक्टरच्या वर चढत होता. चैताली मातीत काहीतरी शोधत होती. तिनं मान वर केली. "दादा, ती का ओरडतेय?"

"प्रश्न शेवटी," मॅडम म्हणाल्या.

रत्नदीपनं तोंड उघडलं. त्याला खरंच सांगायचं होतं. पण इतक्या दिवसांची सवय. तोंडातून ओवीच बाहेर पडली. उंच उंच झाडांवरी. पोरांनी ओळ उचलली. एकटी चैताली गायली नाही. तिनं टिपरी बांधावर ठेवली आणि ओंजळभर खडे गोळा करून सरीत गोल मांडले. अहवालात तिच्या नावापुढे शेरा आहे: सहभाग असमाधानकारक.

बाकी सगळं समाधानकारक झालं. जिल्ह्याचं वर्षावन बारा एकरांवरून सोळा एकर झालं. देशभर वनं घटत असताना वाढलेलं हे एकमेव वन म्हणून साहेबांचा सत्कार झाला. बिरप्पा कायम झाला. केंद्रावर येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला आता वनोपज म्हणून पांढऱ्याशुभ्र, दाणेदार मालाची पाव किलोची पिशवी भेट मिळते. रत्नदीप दारात उभा राहून ती देतो. गातोही छान. चंडोलाबद्दल मात्र कोणी विचारत नाही, आणि त्याला ते बरंच वाटतं.

तुम्ही म्हणाल, पंचाक्षरी साहेबांनी माळ घालवला. साहेबांवर अन्याय नको. माळाच्या फाइलीत 'तिथं काहीच नाही' असा शेरा आहे खरा, पण तो त्यांचा नव्हे. तो शेरा त्या रस्त्यानं जाणाऱ्या एसटीच्या आणि गाड्यांच्या खिडक्यांतून आलेला आहे. माळ लागला की बाहेर एक नजर टाकून शेजाऱ्याला तो सांगायचा आणि डोळे मिटायचे, असा प्रघात आहे. तुम्हीही त्या रस्त्यानं गेला असाल. बघा, आठवतंय का.

नसेल आठवत तर राहू द्या. चहा निवतोय. घ्या. साखर बरोबर झालीय ना?