बादलीवर उभे राहणारे हवालदार

हवालदार जाधव प्लॅस्टिकची बादली विकत घेण्याआधी तिच्यावर उभे राहत. बादली पालथी घालायची, वहाणा काढायच्या आणि देवळात शिरावं तसा उजवा पाय आधी ठेवून वर चढायचं. वर गेल्यावर ते सावधान स्थितीत जरा वेळ थांबत. बादली तगली तर खाली उतरून म्हणत, "हं. दुसरी दावा." फुटली तर म्हणत, "बघा, मी म्हणलं न्हवतं?" म्हणजे दोन्ही प्रकारांत खरेदी होत नसे. सांगलीच्या बाजारात ते वळणावर दिसले की दुकानदार बाहेर टांगलेल्या बादल्या आत ओढून घेत.

पाटणकडच्या एका खेड्यातला हा गडी बावीस वर्षं फौजेच्या वर्कशॉपमध्ये गाड्या दुरुस्त करून सांगलीला येऊन राहिला, तो नेमका माझ्या शेजारच्या दोन खोल्यांत. मी हायस्कूलमध्ये इतिहास शिकवतो. जुन्या गोष्टींबद्दल आदर बाळगण्याचा मला पगार मिळतो. हवालदार ते काम फुकट करत.

त्यांचं म्हणणं सोपं होतं. पूर्वी वस्तू टिकण्यासाठी करत, आता मोडण्यासाठी करतात.

"आणि ही चूक न्हाई, मास्तर," ते मला बजावत. "इचार करून करत्यात. तिकडं मुंबईत एक सायेब असणार. कोट घालून. त्येचं काम एकच, जाधवाच्या बादलीचा कान कवा तोडायचा."

या साहेबाशी त्यांचं जुनं वैर होतं. टॉर्चचं बटण अडकलं, की ते टॉर्चच्या तोंडात बघून विचारत, "तोडलास न्हवं? झालं समाधान?" पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं घरात पाहुणे आले आहेत.

तेव्हा मोठा दुष्काळ सरून दोनेक वर्षं झाली होती. दुष्काळात पाणी लांबून आणायचं म्हणून हलक्या बादल्या घरोघर शिरल्या. पाऊस आला तरी त्या गेल्या नाहीत. पितळी घागरी मोडीत निघाल्या. हवालदारांच्या घरातली मात्र एकही हलली नाही, कारण प्रत्येक भांड्यावर नाव होतं. कुणी दिलं, कुणाच्या लग्नात दिलं, सगळं टाकीनं कोरलेलं. "ज्या वस्तूला नाव सोसत न्हाई," ते म्हणत, "ती घरात कशाला पायजे?"

एकदा वहिनींनी, म्हणजे त्यांच्या पत्नीनं, त्यांना न विचारता गुलाबी रंगाचा प्लॅस्टिकचा मग आणला. हवालदारांनी तो उचलला आणि भांड्यांवर नावं घालणाऱ्या म्हाताऱ्याकडे नेला. म्हातारा गयावया करत होता, "हवालदार, ह्ये काय पितळ हाय व्हय?" हवालदार ऐकेनात. म्हाताऱ्यानं बेताबेतानं हातोडी मारत 'हवालदार जा' एवढं उमटवलं, आणि 'ध'ला आरपार भोक पडलं.

वहिनींनी तो मग उजेडात धरून वाचला. म्हणाल्या, "बराबर लिवलंय की. जावा आता."

पुढे तो मग तुळशीला पाणी घालायला लागला. भोकातून धार बेताची पडते म्हणून वहिनी त्याचं कौतुक करत, ते हवालदारांना अजिबात आवडत नसे.

त्याच सुमारास गावात संसारोपयोगी वस्तूंचं एक भलंमोठं दुकान निघालं. उद्घाटनाला एक पुढारी आले होते. त्यांनी अर्धा तास देशाची घोडदौड सांगितली. तिचा ताटल्या-वाट्यांशी काय संबंध ते मला शेवटपर्यंत कळलं नाही, पण टाळ्या पडल्या. मग तबकातून कात्री आली. पुढाऱ्यांनी फीत कात्रीत धरली आणि दाबली. फीत वाकली. पुन्हा दाबली. फीत दुसऱ्या बाजूनं वाकली. इतक्यात मागून हवालदारांचा परेडवरचा आवाज आला, "कात्री दुकानातलीच हाय का?"

पुढाऱ्यांनी शेवटी फीत हातानं ओढून तोडली. तेवढ्यातही मालकानं भाषण केलं आणि प्रत्येक वस्तूला जन्मभराची हमी दिली. "कुणाच्या जल्माची?" हवालदारांनी विचारलं. "आमच्या का बादलीच्या?" त्यानंतर त्या दुकानात त्यांना चहा मिळे, वस्तू दाखवत नसत.

हे सगळं गमतीचं होतं, ते सुमनचं लग्न ठरेपर्यंत.

सुमन ही त्यांची एकुलती एक मुलगी. नवरामुलगा विट्याकडचा. तिकडची माणसं देशभर पसरून जुनं सोनं वितळवून शुद्ध करायची दुकानं चालवतात, तसं या जावयाचं पार दक्षिणेत मदुरेला होतं. स्थळ चांगलं, माणसं चांगली. फक्त मदुरा म्हणजे मिरजेहून दोन दिवस आगगाडीत बसायचं. सुमन शिवण शिकलेली होती, म्हणून लग्नात तिला शिलाई मशीन द्यायचं ठरलं. ते नवरीबरोबरच मदुरेला जाणार होतं. लग्न आठ दिवसांवर आलं आणि हवालदारांनी सातवं मशीन नापास केलं.

"आवं," वहिनींनी भिंतीपलीकडे मला ऐकू येईल असं विचारलं, "पोरीला मिशिन लग्नात देताय का बारशात?"

शुक्रवारी संध्याकाळी सुमन माझ्याकडे येऊन हळूच म्हणाली, "सर, तुमी जावा की बाबांबरोबर. मशीन न्हाई आलं तर तिकडं मी दिवसभर करू काय? बोलायला तर कोणच न्हाई."

म्हणून शनिवारी शाळा सुटल्यावर मी हवालदारांबरोबर अत्तारांच्या शिलाई मशीनच्या दुकानात गेलो. अत्तार हा त्यांचा जुना दोस्त. त्यांना हुसकून न लावणारा बाजारातला एकटाच दुकानदार.

"ये गड्या," अत्तार म्हणाले. "आज दोन काढून ठिवल्यात. ह्यातलं एक बी नगं म्हणलास तर मी दुकान बंद करून हजला जातो."

पहिलं मशीन देखणं होतं, अंगावर सोनेरी फुलं काढलेली. हवालदारांनी ते दहा मिनिटं चालवलं आणि शटल, म्हणजे खालचा दोरा फिरवणारा तो छोटा तुकडा, काढून नखानं खरवडला. "मऊ लोखंड. घासणार ह्ये. मग टाका सोडाय लागंल." त्यांनी मशीन बाजूला सारलं.

दुसरं काळं, बोजड, बैलासारखं. हवालदारांनी पिशवीतून फौजेतली कांबळ काढली. तिच्या दोन घड्या शिवल्या, तीन शिवल्या. मग मलमल शिवली. अर्ध्या तासात दोरा एकदाही तुटला नाही. मी मनातल्या मनात सुटकेचा निःश्वास टाकला.

"नातीच्या लग्नापतुर चालंल ह्ये," अत्तार म्हणाले.

"काय बिघडणार न्हाई?"

"तेल घालायचं. बास."

"कुणाला बोलवायला नगं?"

"आरं, कशाला बोलवाय लागतंय?"

हवालदार काळ्या मशीनच्या चाकावर हात ठेवून उभे राहिले. आयुष्यभर शोधलेली वस्तू सापडली की माणूस असा दिसत असेल असं मला वाटलं, पण त्यांचा चेहरा उतरला होता.

"त्ये फुलाचं बांद," ते म्हणाले.

अत्तार माझ्याकडे बघायला लागले. मी म्हणालो, "हवालदार, त्याचं शटल घासणार असं तुम्हीच म्हणालात आत्ता."

"घासणारच. सुमीचा पाय मला म्हाईत हाय. शिमग्यापतुर जाईल."

"मग?"

"दिवाळसणाला जावई घिऊन येत्यात तिला," ते मशीनकडे बघत म्हणाले. "त्येच्या म्होरं कोण आणतंय, मास्तर? आन् पोरीच्या घरी बाप उगंच जात न्हाई. कायतरी काम लागतंय."

अत्तारांनी फुलांचं मशीन पोत्यात बांधायला घेतलं, आणि त्याच मापाची पक्क्या पोलादाची दोन शटल आतून आणून मशीनच्या खणात टाकली.

हवालदारांनी खण उघडला. दोन्ही शटल काढली, रुमालात गुंडाळली, आपल्या सदऱ्याच्या खिशात ठेवली आणि खिशाचं बटण लावलं.

"मास्तर," ते म्हणाले, "मिरजेतनं मदुरेकडची गाडी कितीला असती?"